दवाखान्याच्या पायरीवर अंग टाकणाऱ्या मुलीबद्दल

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगी साडेचार वर्षांची. दवाखान्याची गल्ली दिसली की रडायला लागते, पायरीवर अंग टाकून देते. मागच्या महिन्यात खोकला होता तेव्हा नुसता घसा बघायला दोघांनी धरावं लागलं. आता पाच वर्षांचा डोस जवळ आलाय. सासूबाईंचं म्हणणं, तिला सांगूच नका, आईस्क्रीम खायला जाऊ म्हणून न्या, तिथे गेल्यावर पाहू. आणि तुमचा प्रश्न: हिची भीती जाईल कशी?

मी लहान मुलांची डॉक्टर. आधी सरकारी रुग्णालयात आणि नंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्वतःच्या दवाखान्यात काम केलंय. पुढे लिहिते ते त्या खुर्चीतून दिसलेलं आहे. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे यातलं काय लागू पडतं ते तुम्हीच ठरवायचं.

आईस्क्रीमचा विषय आधी संपवू. नका करू तसं. त्या दिवसापुरतं काम होईल, घरून निघताना रडारड होणार नाही. पण पुढच्या वेळी तुम्ही खरोखर आईस्क्रीम खायला निघालात तरी ती चप्पल घालायला तयार होणार नाही. शिवाय दवाखान्यात पोचल्यावर तिच्याकडे धरायला एकच आधार असतो, तो म्हणजे तुम्ही. तोच आधार तुम्ही दारात काढून घेतलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. घसा बघताना सुई नसते. तरी दोघांनी धरावं लागलं, यावरून मला वाटतं की प्रश्न नुसत्या सुईचा राहिलेला नाही. आत गेल्यावर कोण, कधी, काय करेल याचा तिला भरवसा नाही. काहीही न सांगता धरतात, एवढंच तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तिच्या लेखी वजनकाटा, कानात घालायचा दिवा, घशातली काडी आणि सुई हे सगळं एकच आहे. आपल्याला ही गाठ सोडवायची आहे. सुईची भीती पूर्ण जाणार नाही, आणि जायलाच हवी असंही नाही. सुई दुखते. रडू येतं. मोठ्यांनाही रक्त तपासायला हात पुढे करताना पोटात गोळा येतोच की. ती रडली म्हणजे तुम्ही कमी पडलात, असं कृपा करून समजू नका.

ही गाठ बसते कशी, ते बघा. सरकारी वेळापत्रकात सुया पहिल्या दोन वर्षांत दाटीनं असतात: जन्मल्यावर बीसीजी (क्षयाची लस) आणि कावीळ ब, मग सहा, दहा आणि चौदा आठवडे, मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, आणि सोळा ते चोवीस महिन्यांत पुन्हा गोवर-रुबेला व त्रिगुणी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर. आठ-नऊ महिन्यांपासून मुलं परकं माणूस ओळखायला लागतात, आणि दीड वर्षाचं मूल तर आईच्या पदराबाहेर जायला तयार नसतं. नेमक्या त्या वयात आपण त्यांना टेबलावर आडवं करतो. तो प्रसंग पुढे आठवत नाही. टेबल, स्पिरिटचा वास, हातमोजे यांची धास्ती मात्र राहून जाते.

पण गंमत अशी की, दोन ते पाच या वयात सरकारी वेळापत्रकात सुई नसतेच. दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा चमचाभर डोस आणि पोलिओ रविवारचे दोन थेंब, बस. खासगीत फ्लूची वगैरे असते, तीही वर्षाकाठी एखादी. म्हणजे दवाखान्यात गेलं की दरवेळी टोचत नाहीत, हे मुलाला आपोआप कळावं अशी ही तीन वर्षं आहेत. ती आपण दोन गोष्टींनी वाया घालवतो.

पहिली गोष्ट म्हणजे तापाची सुई. 'एक इंजेक्शन मारा, म्हणजे लवकर उतरेल.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते येणार हे आजोबांनी घसा खाकरला की मला कळतं. सुई दिली नाही तर फी कशाची, असाही काहींचा हिशेब असतो. लहान मुलांचे बहुतेक ताप-सर्दी-खोकले विषाणूंचे असतात. ते सुईनं एक दिवसही लवकर आटपत नाहीत. ताप उतरवायला तोंडानं दिलेलं पॅरासिटामॉल अर्ध्या-पाऊण तासात कामाला लागतं. सुई लागते ती उलट्या थांबत नसताना, झटके येत असताना, जंतुसंसर्ग जोराचा असताना, मूल पार गळून गेलेलं असताना. अशा वेळी मीही क्षणभर थांबत नाही. पण एरवी डॉक्टरांना शांतपणे विचारा, 'हे तोंडानं देता येईल का?' या प्रश्नाचा राग येण्याचं कारण नाही. आणि कंबरेखाली, कुल्ल्यावर सुई देणार असतील तर जास्त आग्रहानं विचारा. लहान मुलांच्या तिथून पायाचा मोठा मज्जातंतू जातो, म्हणून लसी तिथे देत नाहीत, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला किंवा दंडावर देतात. तुमच्या मुलीला गेल्या दोन-तीन वर्षांत किती वेळा तापासाठी सुई दिली गेली, हे एकदा आठवून पाहा. मला वाटतं तिच्या भीतीचं अर्धं उत्तर तिथे मिळेल.

दुसरी गोष्ट घरातली. 'जेवली नाहीस तर डॉक्टरकाकांना बोलावीन, मोठी सुई देतील.' आपल्याकडे बागुलबुवा, पोलीस आणि डॉक्टर या तिघांना एकाच रांगेत बसवलेलं असतं. घास भरवायला ही धमकी फार सोयीची, हे मला कळतं. मात्र ज्याच्या नावानं रोज घास गिळायला लावलाय, त्याच्यासमोर शर्ट वर करून शांत बस असं मुलाला कसं सांगणार?

हे सासूबाईंना सांगायचं काम तुमच्यावर आलं तर अवघड होतं, त्यातून वेगळाच वाद उभा राहतो. मी आयांना म्हणते, पुढच्या वेळी आजींना बरोबर घेऊन या. मी त्यांना सांगते, 'आजी, पोरगी रडत असली की मला तिची छाती ऐकूच येत नाही.' हे मी त्यांचं मन राखायला बोलत नाही, खरंच तसं आहे. खोकल्याच्या मुलाला न्यूमोनिया आहे का हे ठरवताना आम्ही एक पूर्ण मिनिट श्वास मोजतो. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला 40 किंवा जास्त आणि दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे 50 किंवा जास्त श्वास असतील तर काळजीचं. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजून काही उपयोग नसतो, सगळ्यांचेच वाढलेले येतात. रडण्यानं कानाचा पडदाही लाल दिसतो, मग कान दुखतोय की नुसती रडल्यामुळे लाली आहे ते कळत नाही. म्हणजे घाबरलेल्या मुलाची तपासणी कच्ची होते, आणि कच्च्या तपासणीतून जास्तीची औषधं लिहिली जातात. आजींना हे पटतं. तुमचे डॉक्टर ओळखीचे असतील तर त्यांनाच आजींशी बोलायला सांगा.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. हे मुलाच्या स्वभावावर बरंच अवलंबून आहे. काही मुलं आधी सगळं कळलं की शांत होतात, काही आदल्या रात्रीपासून त्याच विचारानं झोपत नाहीत. जन्मल्यावर काचेच्या पेटीत राहिलेली, ऑपरेशन झालेली मुलं वेगळी असतात, त्यांना वेळ जास्त लागतो. आवाज, उजेड, स्पर्श सहन न होणारी, स्वमग्न मुलंही वेगळी. त्यांच्यासाठी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, म्हणजे गर्दीत ताटकळत बसावं लागत नाही. आणि एक सांगते, गप्प बसलेलं मूल शांत असतंच असं नाही. टेबलावर हूं की चूं न करता पडून राहणाऱ्या मुलाला सगळे 'किती शहाणं' म्हणतात, पण त्याच्या मुठी बघा. अंगठा आत दाबून घट्ट आवळलेल्या असतात.

डोसाला अजून काही महिने आहेत ही तुमची जमेची बाजू. एक-दोनदा तिला काही काम नसताना दवाखान्यात न्या. आजारी नसताना, दुपारी गर्दी ओसरल्यावर. वजन करायचं, उंची मोजायची, कंपाउंडरकाकांना कागदी पट्टी मागायची आणि घरी यायचं. निघण्याआधी सांगायचं, 'आज फक्त वजन.' आणि मग खरोखर फक्त वजन. तिथे डॉक्टर म्हणाले, 'आलीच आहे तर डोस देऊन टाकू,' तरी नाही म्हणा. तुमचा शब्द खरा ठरतो हे तिला एकदा दिसलं की पुढचं निम्मं काम झालं. यंदाचा पोलिओ रविवार मध्ये आला तर तोही वापरा. दोन थेंब, डाव्या करंगळीला शाईची खूण, आणि ती करंगळी दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरायचं. डोस म्हणजे दरवेळी टोचणं नसतं, हे याहून सोप्या रीतीनं सांगता येणार नाही.

घरी डॉक्टर-डॉक्टर खेळा, पण तिला डॉक्टर होऊ द्या. तुम्ही पेशंट व्हा, आणि लगेच शहाणे पेशंट होऊ नका. 'मला भीती वाटते, तू काय करणार ते आधी सांग ना,' असं म्हणा, आणि ती काय उत्तर देते ते ऐका. माझ्याकडच्या एका आईनं हे केलं तेव्हा मुलगी म्हणाली, 'गप बस, नाहीतर दोन देईन.' त्या मुलीला दवाखान्यात काय ऐकायला मिळालं होतं ते आईला त्याच क्षणी कळलं. मोठ्यांनी खेळात शिकवणीचा तास घेऊ नये. चारदा तिनं बाहुलीला जोरात टोचलं तर टोचू दे. पाचव्यांदा बहुधा ती आपणहून फुंकर घालते.

घसा दाखवायचा सराव मात्र चमच्यानं करू नका. चमचा मागे गेला की ओकारी येते आणि भीती दुप्पट होते. त्याऐवजी आरशासमोर दोघींनी जीभ पूर्ण बाहेर काढून कुत्र्यासारख्या धापा टाकायच्या. असं केलं की जीभ खाली बसते आणि पुष्कळदा काडी न घालताच घसा दिसतो. डॉक्टरांनाही सांगा, 'ती धापा टाकून दाखवते, आधी तसं बघता का?' मला तरी असं कुणी सांगितलं की बरंच वाटतं, माझी एक काडी आणि एक रडारड वाचते.

डॉक्टरांच्या बाजूनं काय अपेक्षा ठेवावी, तेही सांगते, म्हणजे तुम्हाला मागता येईल. लहान मूल आत आलं की मी लगेच त्याच्याकडे बघत नाही. आईशी बोलते. मुलाला मला न्याहाळायला एखादं मिनिट लागतं, ते देते. मग बोलायचं झालं तर बुटांबद्दल, नाहीतर हातातल्या खेळण्याबद्दल. मध्ये तीन वर्षांचा एक पोरगा आला होता, हातात पिवळा जेसीबी, आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलेलं. मी म्हटलं, 'याचं इंजिन घरघर करतंय का बघू,' आणि स्टेथोस्कोप जेसीबीच्या चाकाला लावला. त्यानं एक डोळा बाहेर काढला. म्हणाला, 'इंजिन पाठीमागे असतं.' मग मागे लावला. नंतर त्यानं स्वतःच शर्ट वर केला, 'आता माझं.' छाती ऐकून झाली, पोट दाबून झालं, सगळं आईच्या मांडीवर. कान आणि घसा मी शेवटी ठेवते, कारण मुलांना तेच सगळ्यात नकोसं असतं. सुरुवात घशापासून केली की पुढे छाती ऐकायला मिळतच नाही. तेव्हा 'मांडीवरच तपासता का' आणि 'घसा शेवटी बघता का' ही दोन वाक्यं तुम्ही बिनदिक्कत म्हणू शकता. दातांचे डॉक्टर मुलांसाठी एक रीत वापरतात: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. ती आमच्याकडेही तितकीच चालते.

आता डोसाचा दिवस. पाचव्या वर्षी त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर असतो, दंडावर. खासगीत त्याच सुमाराला एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि पोलिओचीही सुई असू शकते. 'पेनलेस', म्हणजे त्रिगुणीचाच खासगीत मिळणारा दुसरा प्रकार, 'घेऊ का' असं सगळेच विचारतात, म्हणून सांगून टाकते: सुई तीच, टोचणं तेच. फरक पडतो तो नंतरच्या सुजेत आणि तापात. तुमच्या मुलीला टोचण्याची भीती आहे, त्यावर पेनलेसचा काही इलाज नाही. पैसे खर्चायचेच असतील तर आधी त्वचा बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल डॉक्टरांना विचारा. ते साधारण तासभर आधी लावून झाकून ठेवावं लागतं, आणि किती, कुठे लावायचं हे डॉक्टरांनीच सांगायला हवं.

तिला कधी सांगायचं? दोन-तीन वर्षांच्या मुलाला निघण्याआधी थोडा वेळ पुरतो, त्याला 'परवा' कळत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगितलेलं चांगलं, त्याला प्रश्न असतात. तुमची मधली आहे. त्याच दिवशी सकाळी, नाश्ता झाल्यावर सांगा असं मी म्हणेन. काय सांगायचं? 'आज दंडावर डोस आहे. टोचतो. चिमटा काढल्यासारखं दुखेल, पाच मोजेपर्यंत. मग संपतं. मी तुला मांडीवर घेऊन बसणार आहे.' एवढंच. 'काही नाही गं, अजिबात दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं' हे नको. मुंगी चावल्यावर काय होतं हे तिला माहीत आहे, आणि तुम्ही खोटं बोलताय हेही कळतं. पण अर्धा तास समजावत बसणंही नको. जितकं लांबवाल तितकं तिला वाटतं, काहीतरी भयंकर असणार.

आत गेल्यावर 'घेशील ना डोस?' असं विचारू नका. 'नाही' हे उत्तर ऐकायची तयारी नसेल तर तो प्रश्न विचारणं अन्यायाचं आहे. ज्यात खरोखर तिला निवडता येईल तेच विचारा. डावा दंड की उजवा? बघायचंय की माझ्या खांद्यात तोंड लपवायचंय? मोजायचं कुणी, तू की मी?

धरायचं कसं हे जरा नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. आडवं पाडून चौघांनी हातपाय धरायचे नाहीत. आडवं केलं की मुलाला वाटतं आता आपल्या हातात काहीच नाही, आणि ते जीव खाऊन झगडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली लसीकरणाच्या वेळचं दुखणं कमी करण्याबद्दल देशांना सूचना केल्या, त्यातही आई-वडिलांनी जवळ असणं आणि मुलाला बसतं धरणं हे आहे. तुम्ही खुर्चीत बसा. तिला आपल्याकडे तोंड करून मांडीवर घ्या, तिचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. डोसाचा दंड बाहेरच्या बाजूला. दुसरा हात तुमच्या काखेखालून पाठीमागे, तुम्हाला मिठी मारल्यासारखा. तुमचा एक हात तिच्या पाठीवर आणि दुसरा तिच्या डोसाच्या हाताच्या कोपरावर, घट्ट पण न आवळता. बाहेरून बघणाऱ्याला ही मिठीच दिसते. तिलाही तशीच वाटते. सुईच्या वेळी हात हलत नाही, आणि आम्हालाही काम सोपं जातं.

त्या अर्ध्या मिनिटात लक्ष दुसरीकडे हवं, आणि ते सुई दिसायच्या आधीपासून. जत्रेतली भिंगरी फुंकायला द्या, साबणाचे फुगे असतील तर फुगे. लांब फुंकर मारताना दंड आपसूक ढिला पडतो, आणि ढिल्या दंडावर कमी दुखतं. मोबाइलवरचं आवडतं गाणं लावायचं तर खुशाल लावा. एरवी मोबाइलवरून मी पालकांना बोलते, पण त्या दोन मिनिटांसाठी माझी अजिबात हरकत नसते. फक्त सुई हातात घेतल्यावर 'ते बघ, ते बघ' करत मोबाइल नाकासमोर नाचवू नका. मुलं हुशार असतात. काहीतरी होणार हे त्यांना त्या नाचवण्यातूनच कळतं. दोन सुया असतील तर जास्त झोंबणारी शेवटी द्यायला सांगा. तुमचं तान्हं बाळ असतं तर मी सांगितलं असतं, अंगावर पाजत असताना डोस द्या. त्याच्याइतका चांगला उपाय त्या वयात दुसरा नाही.

आणि तुमचा स्वतःचा आवाज. 'काही नाही, काही नाही, झालं झालं' हे आपण घाबरलो की तोंडातून येतं, आणि मुलाला त्यातून एवढंच कळतं की आईसुद्धा घाबरलीय. त्याऐवजी मोजा. एक, दोन, तीन. हळू, नेहमीच्या आवाजात. तुम्हालाच सुई बघवत नसेल तर त्यात लाज नाही. त्या दिवशी तिच्या बाबांना किंवा मामाला न्या.

सुई झाल्यावर कापूस दाबून धरा, चोळू नका. रडत असेल तर रडू दे, जवळ घ्या. 'रडली नाहीस तर चॉकलेट' असा सौदा नको. चॉकलेट द्यायचंच तर रडली तरी द्या, नाहीतर तिला दोन शिक्षा होतात, एक सुईची आणि एक रडल्याची. शाबासकी द्या ती नेमकी द्या: 'दंड कसा ढिला सोडलास,' 'चार मीच मोजले, पाच तू मोजलेस.'

त्यानंतरची एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात होते. दवाखान्याच्या बाहेर पडता पडता आई फोन लावते, 'अहो आई, काय रडली म्हणून सांगू, अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला.' मूल कडेवर असतं आणि शब्द न् शब्द ऐकत असतं. संध्याकाळी बाबांना तीच गोष्ट जरा वाढवून सांगितली जाते, रविवारी आत्याला आणखी वाढवून. पुढच्या वेळी मुलाला आठवते ती ही वाढवलेली गोष्ट. तेव्हा फोन करायचा तर तिच्यासमोर खरंच पण नीट सांगा: 'टोचलं तेव्हा रडली, मग भिंगरी फिरवली आणि पाच मोजले.' दोन-तीन दिवसांनी तिलाच विचारा, 'बाबांना सांग, आपण काय काय केलं?' ती विसरली तर भिंगरीची आठवण तुम्ही करून द्या.

डोसाच्या रात्री दंड दुखेल, थोडी सूज, थोडा ताप येऊ शकतो. गार पाण्याची पट्टी दंडावर ठेवा, ताप किंवा दुखणं जास्त असेल तर वजनावरून सांगितलेलं पॅरासिटामॉल. डोसाच्या आधीच खबरदारी म्हणून औषध पाजायची गरज नसते. हेही तिला सांगून ठेवा, 'आज दंड दुखेल, उद्या-परवा कमी होईल,' म्हणजे रात्री कुस बदलताना दुखलं तर दचकणार नाही.

दोन अपवाद. मूल खरोखर आजारी असेल, पाणीही पीत नसेल, सुस्त पडलं असेल, छाती आत ओढून श्वास घेत असेल, झटका आला असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. उचला आणि न्या, रडू दे कितीही. समजूत नंतर घालता येते. आणि हे सगळं करूनही काही महिन्यांत काहीच फरक पडला नाही, दवाखान्याच्या नुसत्या विचारानं दिवसेंदिवस झोप-जेवण सुटत असेल, किंवा भीतीपोटी लागणारे उपचारच राहून जात असतील, तर मुलांच्या मानसोपचाराची माहिती असलेल्यांना दाखवा. मोठी मुलं, दहा-बारा वर्षांची, कधी सुई बघून चक्कर येऊन पडतात. त्यांना आडवं झोपवूनच सुई द्यावी आणि नंतर पंधरा मिनिटं उठू देऊ नये. तिथे बसतं धरण्याचा नियम लागू नाही.

शेवटचं काम फोनचं. डोसाच्या आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करून विचारा: आई आत थांबू शकते ना? मांडीवर बसवून देता ना? गर्दी कधी कमी असते? 'मूल आमच्याकडे द्या, तुम्ही बाहेर थांबा' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात हाच डोस मोफत मिळतो. इतक्या मुलांना डोस देऊन तिथल्या सिस्टरचा हात इतका बसलेला असतो की मूल 'आ' करेपर्यंत सुई बाहेर आलेली असते. सत्राचा वार आशाताईंना माहीत असतो. लसीकरणाचं कार्ड तेवढं पिशवीत आधी टाका, नाहीतर पायरीवरून ते आणायला माघारी जावं लागेल, आणि इतक्या समजुतीनं तिथवर आलेली मुलगी दुसऱ्यांदा यायला तयार होईलच याची खात्री मी देत नाही.